शुद्धिपत्र

चौदा महिने सहा दिवस.
मग भाच्याच्या साखरपुड्याला, कोथरूडच्या हॉलमागे,
पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या ग्लासात.
त्यानंतर किती दिवस, ते मोजलं नाही.
म्हणजे मोजलं. एकोणीस.
प्रुफं तपासतो मी, आकडे सुटत नाहीत नजरेतून.

बागवान मॅडमची खोली दांडेकर पुलाजवळ, दुसऱ्या मजल्यावर.
खाली सायकलचं दुकान. पोरगा ट्यूब पाण्यात धरून
बुडबुडे कुठून येतात ते बघत होता.
ठिगळ अजून हातात घेतलं नव्हतं त्यानं.

मी ठरवूनच गेलो होतो :
आठवड्यातून एकदा, मंगळवारी, अर्धा तास.
रजा नको, प्रेसमध्ये कुणाला कळायला नको.
वैजयंतीही ठरवूनच आली होती :
सहा महिने. साताऱ्यापलीकडं कुठंतरी,
जिथं फोन काढून घेतात.
बॅगसुद्धा भरली होती तिनं, मागच्या वेळचीच,
चेन अजून तिथंच अडकते.

मॅडम रागावल्या नाहीत. ते जरा जड गेलं.
म्हणाल्या, गुजर, गेल्या खेपेला बंद केलीत
तेव्हा तिसऱ्या दिवशी काय झालं होतं?
विशेष काही नाही, मी म्हटलं.
आकडी आली होती, वैजयंती म्हणाली,
मोरीत. दातखीळ बसली. मी चमचा घातला.
चमचा घालायचा नसतो, मॅडम हळूच म्हणाल्या,
आणि लिहून घेतलं.

हात पुढं करा.
पसरलेल्या बोटांवर त्यांनी एक कोरा कागद ठेवला.
कागद वाजायला लागला.
ज्यावर जन्म काढला
तोच माझी चुगली करत होता.

सकाळी उठल्या उठल्या लागते?
आज घेतली?
घरात आहे?
मरून जावंसं वाटतं?
रात्री जवळ कोण असतं?
चार उत्तरं मी दिली. पाचव्याला वैजयंतीनं नुसता हात वर केला,
शाळेत करतात तसा.

आमच्याकडे छापल्यावर चूक सापडली
की मालक आधी विचारतात, कुठं आहे, केवढी आहे.
वेलांटी असेल तर शुद्धिपत्र, शेवटी चिकटवायची चिठ्ठी.
ओळ गळली असेल तर ते पान काढून नवं जोडायचं.
आणि कधी कधी मशीनच थांबवावं लागतं,
शाई ओली असतानाच.
पुस्तकाला शिक्षा करा, असं
तीस वर्षांत कुणी म्हणालेलं नाही.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मॅडमनी लिहिलं :
आधी सहा दिवस हॉस्पिटल, रास्ता पेठ. आजच.
सलाइन, गोळ्या, रात्रपाळीची नर्स.
मग रोज दहा ते पाच धायरीचं सेंटर, झोपायला घरी.
किती आठवडे, ते बघू.
झेपलं नाही तर एक पायरी वर. झेपलं तर खाली, मग तुमचा मंगळवार.
वर म्हणजे नापास नाही, गुजर.
आणि खाली म्हणजे पास, असंही समजू नका.

सहा महिने नकोतच का? वैजयंतीनं विचारलं,
रेशन संपलं म्हटल्यावर विचारावं तशा आवाजात.
तेव्हा कळलं,
तिला मला पाठवायचं नव्हतं.
तिला झोपायचं होतं.
सहा महिने, दाराच्या कडीकडं कान न लावता.

मॅडमनी तिच्यासाठीही एक वार लिहिला. गुरुवार.
मला काय झालंय, ती म्हणाली,
पण चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

रिक्षा स्वारगेटच्या सिग्नलला थांबली.
डाव्या हाताला दुकान, शटर अर्धं उघडं,
पाटीवर 'शितपेये'.
शी दीर्घ पाहिजे, मी म्हटलं.
वैजयंतीनं पाटीकडं बघितलं नाही.
मांडीवर बॅग घट्ट धरून
ती माझ्या चपलांकडं बघत होती,
सिग्नल सुटेपर्यंत.